महिला विद्यापीठीय फुटबॉल : नॉर्थ कॅरोलिनाचे बाविसावे विजेतेपद आणि कॉलेज कपचे बदलते रूप

कॅरीकर | ११ डिसेंबर २०२४

परवा, सोमवारी, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या आमच्या कॅरीत, वेकमेड सॉकर पार्कवर अमेरिकी विद्यापीठांच्या महिला फुटबॉलचा अंतिम सामना झाला. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने वेक फॉरेस्टवर १-० अशी मात केली. उत्तरार्धात ऑलिव्हिया थॉमसने केलेला एकमेव गोल निर्णायक ठरला. या भागातल्या कितीतरी मराठी घरांतल्या मुली शनिवार-रविवारी क्लबच्या मैदानांवर खेळत असतात, तरी या स्पर्धेबद्दल मराठीत कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एनसीएए ही अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी संस्था आहे. तिची महिला फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली, तेव्हा जेमतेम १२ संघ होते; २००१ पासून डिव्हिजन वन या वरच्या गटात ६४ संघ खेळतात. सगळे सामने बाद फेरीचे असतात. साधारण निम्म्या जागा कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या साखळ्यांच्या, विजेत्यांना आपोआप मिळतात आणि उरलेल्या निवड समिती भरते. उपांत्यपूर्व फेरीपर्यंतचे सामने वरचे मानांकन असलेल्या विद्यापीठांच्या मैदानांवर होतात आणि उरलेले चार संघ आधीच ठरलेल्या एका मैदानावर एकत्र येतात. या शेवटच्या टप्प्याला कॉलेज कप म्हणतात.

आता मूळ मुद्दा. पहिल्या १३ स्पर्धांपैकी १२ नॉर्थ कॅरोलिनाने जिंकल्या. मधे फक्त १९८५ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाने त्यांना अंतिम सामन्यात २-० असे हरवले होते. १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ विजेतेपदे त्यांच्याकडे होती, आणि त्याच काळात सलग १०३ सामने न हरण्याचा पराक्रमही त्यांच्या नावावर जमा झाला. २०१२ मध्ये एकविसावे विजेतेपद मिळाले आणि मग झरा आटला तो थेट परवापर्यंत. मधल्या ११ स्पर्धा सहा विद्यापीठांनी वाटून घेतल्या: फ्लोरिडा स्टेट, स्टॅनफर्ड, यूसीएलए, पेन स्टेट, यूएससी आणि सांता क्लारा. नॉर्थ कॅरोलिना २०१८, २०१९ आणि २०२२ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून हरले.

माझे मत असे आहे की या स्पर्धेला खरा रंग चढला तो नॉर्थ कॅरोलिना हरू लागल्यावर. आणि ते हरू लागले याचे श्रेय कोणत्याही एका प्रतिस्पर्धी प्रशिक्षकापेक्षा शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन या कायद्याला जास्त जाते. जाणकारांनी आपले मत मांडावे.

शाहूपुरी_१० | ११ डिसेंबर २०२४

धागा उत्तम आहे, कॅरीकर. आम्ही कोल्हापूरची माणसे, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून पेठांच्या संघांचे सामने बघत वाढलो, त्यामुळे फुटबॉल म्हटले की कान टवकारतात. काल यूट्यूबवर या सामन्याची झलक पाहिली आणि दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे घड्याळ उलटे चालते, ४५ वरून शून्याकडे. दुसरी म्हणजे बदली खेळाडू सारख्या आत-बाहेर करत होत्या आणि एक मुलगी बाहेर जाऊन पुन्हा आत आलेली दिसली. हा फुटबॉलचा कोणता प्रकार म्हणायचा? कृपया खुलासा करावा.

कॅरीकर | १२ डिसेंबर २०२४

शाहूपुरीकर, आपले निरीक्षण बरोबर आहे. एनसीएएचे नियम फिफाच्या नियमांपासून काही बाबतींत फारकत घेतात. अधिकृत वेळ फलकावर असते आणि ती उलटी मोजली जाते. गोल झाला, कार्ड दाखवले किंवा कोणाला दुखापत झाली की घड्याळ थांबते. त्यामुळे पंचांच्या मनगटावरची 'अधिक मिनिटे' हा प्रकारच उरत नाही. बदली खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा नाही, मात्र पूर्वार्धात बाहेर गेलेली खेळाडू त्याच अर्धात परत येऊ शकत नाही. उत्तरार्धात एकदा परत येण्याची मुभा असते. शिवाय २०२२ पासून नियमित हंगामातल्या सामन्यांतून जादा वेळ काढून टाकला आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेत पूर्वीचा 'गोल्डन गोल' (जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपण्याचा नियम) जाऊन दहा-दहा मिनिटांचे दोन पूर्ण डाव आले आहेत.

या नियमांचा अर्थ काय होतो हे ५ डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात कळले. मी त्या दिवशी याच मैदानावर, कॉर्नरच्या झेंड्याच्या अंगाला बसलो होतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या एव्हरी पॅटरसनने दोन गोल केले होते आणि आमच्या आसपासचे फिक्या निळ्या टोप्यांतले लोक विजेतेपद मिळाल्यातच जमा धरून चालले होते. ८० व्या मिनिटाला यूसीएलएचा पहिला गोल झाला, तरीही कोणी फारसे हलले नाही. मग घड्याळ शेवटच्या मिनिटात शिरले आणि यूसीएलएला कॉर्नर मिळाला. पंच अजून किती मिनिटे देणार याचा अंदाज नेहमीच्या सामन्यात प्रेक्षक बांधत बसतात. इथे फलकावर सेकंद डोळ्यांसमोर गळत होते आणि बचावफळीतल्या मुलीही मान वळवून त्याकडे बघत होत्या. चेंडू गोलसमोरच्या गर्दीत आला, रायलिन टर्नरने हेडर मारला, गोल झाला आणि घड्याळ थांबले. फलकावर १६ सेकंद उरले होते. जादा वेळेच्या दुसऱ्या डावात मारीकारमेन रेयेसने तिसरा गोल केला आणि यूसीएलए ३-२ असे जिंकले. प्रशिक्षक मार्गरिट आओझासा यांचा मुख्य प्रशिक्षक म्हणून तो पहिलाच हंगाम होता.

उलट्या घड्याळाला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण नाट्य म्हणाल तर ते त्या घड्याळातच आहे.

अनघा_एरंडवणे | १२ डिसेंबर २०२४

नाट्य असेल, पण खेळाचे काय? मी स्वतः राज्य पातळीवर खेळले आहे आणि नंतर काही वर्षे मुलींना शिकवलेही आहे. अमर्याद बदल्यांमुळे धावण्याची ताकद हीच मुख्य गुणवत्ता ठरते. प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ न देता पंचवीस मिनिटे दबाव टाकायचा, दमलेल्या मुली बाहेर काढायच्या, ताज्या दमाच्या आत घालायच्या आणि पुन्हा तेच सुरू करायचे. ज्या मुलीला नव्वद मिनिटे मैदानावर राहायचे असते तिला आपली शक्ती राखून, चेंडू पायाशी ठेवून, सामन्याचा वेग कमी-जास्त करायला शिकावे लागते, आणि हेच शिक्षण या पद्धतीत कमी पडते. त्यातून हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच. चार महिन्यांत वीसहून अधिक सामने, कित्येकदा आठवड्यात दोन, आणि कॉलेज कपमध्ये तर शुक्रवारी उपांत्य आणि सोमवारी अंतिम. युरोपातल्या क्लबमध्ये याच वयाची मुलगी दहा महिने खेळत असते.

कायद्याचा आपला मुद्दा मला मान्य आहे, पण कायद्याने मैदाने दिली, शिष्यवृत्त्या दिल्या. खेळाची समज कायद्याने येत नाही.

दिवाणजी | १२ डिसेंबर २०२४

अनघाताई, आपल्या शेवटच्या वाक्याशी सहमत आहे. तरीही मैदाने आणि शिष्यवृत्त्या नेमक्या कशा आल्या हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण 'मुलींना समान संधी' या तीन शब्दांत ते मावत नाही.

टायटल नाइन हे कलम २३ जून १९७२ रोजी कायदा म्हणून अमलात आले. मूळ इंग्रजी कलम अवघे ३७ शब्दांचे आहे आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून कोणाला वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते. खेळांना ते कसे लावायचे याचे निकष १९७९ मध्ये ठरले. त्यातला एक निकष असा की विद्यार्थ्यांत मुलींचे जे प्रमाण आहे, साधारण त्याच प्रमाणात त्यांना खेळायच्या जागा मिळाव्यात.

आता खरी मेख बघा. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे शिरस्त्राण घालून खेळायचा तो हाणामारीचा खेळ, विद्यापीठांची दुभती गाय आहे. २०२४-२५ च्या नियमांनुसार त्याच्या एका संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येतात आणि त्या सगळ्या मुलांच्या खात्यात जातात. दुसऱ्या पारड्यात तेवढेच वजन टाकायचे तर मुलींसाठी असा खेळ हवा की ज्यात खेळाडू पुष्कळ लागतात आणि साहित्याचा खर्च थोडा. फुटबॉल या गणितात चपखल बसला. म्हणूनच त्याच नियमांनुसार डिव्हिजन वनमध्ये महिला फुटबॉल संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे, तर पुरुषांच्या संघाला ९.९ ची.

परिणाम सांगायचा तर फ्लोरिडा विद्यापीठाचे उदाहरण पुरे आहे. तिथे महिला संघ १९९५ मध्ये सुरू झाला. चौथ्याच हंगामात, १९९८ मध्ये, बेकी बर्ली यांच्या प्रशिक्षणाखाली त्यांनी अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाला १-० असे हरवले. गोल डॅनियल फोटोपुलसने फ्री किकवर केला. १९८२ मध्ये कागदावरही नसलेला संघ तिजोरी उघडताच तीन-चार वर्षांत विजेता होऊ शकतो, हे नॉर्थ कॅरोलिनाच्या मक्तेदारीला लागलेले खरे सुरुंग होते. आज डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या आसपास महिला संघ आहेत.

निळू_फुले_नव्हे | १२ डिसेंबर २०२४

दिवाणजी, मग मुलांच्या फुटबॉलवर अन्याय झाला असे म्हणायचे का?

दिवाणजी | १२ डिसेंबर २०२४

असे म्हणणारे पुष्कळ आहेत. फ्लोरिडा स्टेटच्या महिलांनी २०२४ पर्यंत चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, पण त्या विद्यापीठाला पुरुषांचा अधिकृत फुटबॉल संघच नाही. एसईसी या बलाढ्य साखळीत पुरुषांचे संघ फक्त केंटकी आणि साउथ कॅरोलिना यांच्याकडे आहेत. मात्र दोष कायद्याला द्यायचा की सगळा पैसा एकाच खेळात ओतणाऱ्या विद्यापीठांना, हा प्रश्न आहे. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

मृण्मयी_बे_एरिया | १३ डिसेंबर २०२४

पूर्व किनाऱ्याच्या मंडळींचे अभिनंदन करून एक गोष्ट नोंदवते. यंदाच्या कॉलेज कपमधले चार संघ म्हणजे नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक, वेक फॉरेस्ट आणि स्टॅनफर्ड. पहिली तिन्ही विद्यापीठे एकाच राज्यातली, आणि चारही संघ एकाच साखळीतले, एसीसीतले. या नावातला 'ए' अटलांटिकचा आहे आणि स्टॅनफर्ड पॅसिफिकपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे! याच वर्षी ते या साखळीत दाखल झाले, कारण त्यांची जुनी पॅसिफिक साखळी टीव्हीच्या पैशाच्या मागे धावून फुटली. तो पैसा अर्थातच अमेरिकन फुटबॉलचा, पण विमानात बसून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि परत येऊन सकाळी रसायनशास्त्राची परीक्षा द्यायची, हे फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या वाट्याला आले.

पश्चिम किनाऱ्याची परंपरा मात्र वेगळी आहे आणि ती या धाग्यात यायला हवी. पोर्टलंड हे एक छोटे कॅथलिक विद्यापीठ. क्लाइव्ह चार्ल्स यांनी तिथे संघ उभा केला, २००२ मध्ये अंतिम सामन्यात सांता क्लाराला २-१ असे हरवून विजेतेपद मिळवले, आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या संघात कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर होती. २००५ मध्ये तिने एका हंगामात ३९ गोल केले आणि पोर्टलंडने यूसीएलएला ४-० असे लोळवले. याच सिंक्लेअरने पुढे कॅनडासाठी १९० गोल केले. पुरुष किंवा महिला, आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये एवढे गोल कोणाच्याही नावावर नाहीत. अनघाताई, खेळाची समज कायद्याने येत नाही हे खरे, पण समज असलेल्या मुली दुसऱ्या देशांतून इथे आल्या त्या याच शिष्यवृत्त्यांवर.

मास्तर | १३ डिसेंबर २०२४

धाग्यात अजून अॅन्सन डोरन्स यांचे नाव आलेले नाही याचे नवल वाटते. नॉर्थ कॅरोलिनाचा महिला संघ १९७९ पासून त्यांच्याकडे होता. १९८८ पर्यंत ते पुरुषांचा संघही सांभाळत. एनसीएएने स्पर्धा सुरू करण्याच्या आधी, १९८१ मध्ये, एआयएडब्ल्यू या महिलांच्या संघटनेने राष्ट्रीय स्पर्धा घेतली होती, तीही त्यांनीच जिंकली. यंदाच्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि सहायक डेमन नाहास यांनी हंगामी म्हणून सूत्रे घेतली. डोरन्स गेले आणि बारा वर्षांचा दुष्काळ त्याच वर्षी संपला, याला योगायोग म्हणायचे की आणखी काही, ते वाचकांनी ठरवावे.

त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार कुतूहलाची वाटते. सरावात जे काही होईल ते मोजायचे. एकास एक झुंज, हेडर, धाव, गोलवर मारलेले फटके, छोटे सामने, प्रत्येकाचा निकाल नोंदवायचा आणि संघातल्या सगळ्या मुलींची क्रमवारी लावून ती सर्वांना दिसेल अशी टांगायची. ही सवय त्यांनी त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावावरून उचलली. मुलींना एकमेकींशी उघड स्पर्धा करायला संकोच वाटतो, तो मोडायचा, हा त्यामागचा विचार होता. मला ही पद्धत थोडी कठोर वाटते. आमच्या शाळेत असा तक्ता लावला असता तर पालक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते. पण तिने मिया हॅम आणि क्रिस्टीन लिली या अमेरिकेच्या नामवंत खेळाडू घडवल्या हेही नाकारता येत नाही. हॅम १९८९, १९९०, १९९२ आणि १९९३ अशा चार विजेत्या संघांत होती. मधले १९९१ चे वर्ष तिने चीनमध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकासाठी सोडले. त्या अमेरिकी संघाचे प्रशिक्षकही डोरन्सच होते आणि कर्णधार एप्रिल हाइनरिक्स ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. अंतिम सामन्यात नॉर्वेला २-१ असे हरवताना दोन्ही गोल मात्र मिशेल एकर्सने केले, आणि ती सेंट्रल फ्लोरिडाची, म्हणजे १९८२ ची पहिली अंतिम लढत नॉर्थ कॅरोलिनाशी हरलेल्या विद्यापीठाची.

तेव्हा अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीगच अस्तित्वात नसल्यामुळे विद्यापीठ हीच राष्ट्रीय संघाची शाळा होती.

विदुला_क | १३ डिसेंबर २०२४

मास्तर, डोरन्स यांच्याबद्दल लिहिताना दुसरी बाजूही नोंदवली जावी. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी त्यांच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला. सरावाच्या वेळी खेळाडूंच्या खासगी आयुष्याबद्दल अश्लाघ्य शेरेबाजी होत असे, अशी तक्रार होती. डोरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. एका दाव्यात २००४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा त्यांनी लेखी दिलगिरी व्यक्त केली. दुसरा दावा अपील न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या पूर्ण पीठाने २००७ मध्ये तो ज्यूरीपुढे चालण्याजोगा ठरवला आणि जानेवारी २००८ मध्ये विद्यापीठाने ३,८५,००० डॉलर देऊन तो मिटवला. हा दावा टायटल नाइनखालीच होता. ज्या कायद्याने महिलांच्या संघांना मैदान दिले त्याच कायद्याचा आधार त्या संघातल्या मुलीला आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध घ्यावा लागला, हे या स्पर्धेच्या इतिहासातून वगळून चालणार नाही. कॅरीकरांनी कायद्याचे श्रेय मांडले आहे, तेव्हा कायद्याची ही बाजूही त्यात धरावी.

कॅरीकर | १४ डिसेंबर २०२४

विदुलाताई, हे इथे यायलाच हवे होते. आभारी आहे.

अनघा_एरंडवणे | १४ डिसेंबर २०२४

मास्तरांचे शेवटचे वाक्य 'होती' असे भूतकाळात आहे ते अचूक आहे. या ऑगस्टमध्ये पॅरिसला अमेरिकेने ब्राझीलला १-० असे हरवून ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. आघाडीच्या फळीतल्या तिघी आठवा. मॅलरी स्वॉन्सनने यूसीएलएमध्ये प्रवेश घेतला होता आणि एकही अधिकृत सामना न खेळता २०१७ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचा रस्ता धरला. ट्रिनिटी रॉडमनने वॉशिंग्टन स्टेटला होकार दिला होता, पण कोविडने हंगाम पुढे ढकलला आणि ती थेट व्यावसायिक झाली. तिघींपैकी विद्यापीठीय स्पर्धा खऱ्या अर्थाने खेळली ती एकटी सोफिया स्मिथ. २०१९ च्या उपांत्य सामन्यात तिने यूसीएलएविरुद्ध तीन गोल केले होते आणि स्टॅनफर्डने अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआऊटवर नॉर्थ कॅरोलिनाला हरवले.

आणि आता तर एनडब्ल्यूएसएल या व्यावसायिक लीगने नव्या करारात ड्राफ्टच रद्द केला आहे. पूर्वी मुलगी विद्यापीठातून बाहेर पडली की क्लब तिला क्रमाने निवडत. आता अठरा वर्षांच्या मुलीशी क्लब थेट करार करू शकतो. मग उत्तम मुली चार वर्षे विद्यापीठात का थांबतील?

मृण्मयी_बे_एरिया | १४ डिसेंबर २०२४

अनघाताई, आपण निवडलेली उदाहरणे सोयीची आहेत. त्याच सुवर्णविजेत्या संघाच्या बचावाचा कणा नेओमी गिर्मा होती, आणि ती स्टॅनफर्डच्या २०१९ च्या विजेत्या संघाची कर्णधार. शिवाय ज्या ड्राफ्टबद्दल आपण बोलत आहात त्याची अखेरची फेरी गेल्या जानेवारीत झाली; त्यात पहिल्या क्रमांकावर अॅली सेंटनर आणि दुसऱ्या क्रमांकावर सॅव्ही किंग निवडली गेली. दोघीही नॉर्थ कॅरोलिनाच्या. म्हणजे सर्वांत उत्तम दोघी गमावून, प्रशिक्षक गमावून, तो संघ त्याच वर्षी विजेता होतो. खाली किती खोली आहे याचा अंदाज यावरून यावा.

विद्यापीठ थांबवून ठेवते ते पदवीसाठी, हे विसरू नका. व्यावसायिक लीगमध्ये नाव झालेल्या मूठभर मुली सोडल्या तर बाकीच्यांचे फुटबॉल विशी-पंचविशीत संपते. आज कॉलेज कप खेळलेल्या मुली इथल्या रुग्णालयांत, वकिलांच्या कार्यालयांत, माझ्या स्वतःच्या कंपनीत काम करत आहेत.

शाहूपुरी_१० | १५ डिसेंबर २०२४

आमच्याकडेही आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत. आधी विभागवार आणि मग अखिल भारतीय. पण यजमान विद्यापीठात काही दिवसांत सगळे उरकते, आणि वर्षभर त्या मुलींना एकत्र खेळायला ना हंगाम असतो ना प्रेक्षक. त्यातल्या कित्येकींना रेल्वे किंवा पोलीस खात्यात खेळाडू कोट्यातून नोकरी लागली तर पालक निश्चिंत होतात. अनघाताईंना चार महिन्यांचा हंगाम तोकडा वाटतो, त्यांचा हिशेब युरोपशी आहे. आमच्या मुलींना विद्यापीठाच्या गणवेशात सलग चार महिने खेळायला मिळाले तर काय होईल याचा विचार मी करत बसलो आहे.

अनघा_एरंडवणे | १५ डिसेंबर २०२४

शाहूपुरीकर, हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. मी खेळत होते तेव्हा विद्यापीठाच्या संघासोबत सराव शिबिरासकट जेमतेम तीन आठवडे मिळायचे.

रॅलेची_आई | १५ डिसेंबर २०२४

चर्चा वाचून अगदी व्यावहारिक प्रश्न विचारते. माझी लेक दहावीत आहे, क्लबकडून मधल्या फळीत खेळते आणि क्लबची फी, गणवेश, दुसऱ्या राज्यांतल्या स्पर्धांचा प्रवास यात वर्षाला आमची चांगलीच रक्कम जाते. नातेवाईक म्हणतात की पुढे शिष्यवृत्ती मिळेल, सगळे वसूल होईल. हे कितपत खरे आहे?

कॅरीकर | १५ डिसेंबर २०२४

वसूल होईल या हिशेबाने खर्च करू नका, वहिनी. १४ शिष्यवृत्त्या म्हणजे १४ मुलींचे पूर्ण शिक्षण फुकट, असे नसते. प्रशिक्षक ती रक्कम संघातल्या पंचवीस-तीस मुलींत तुकड्यातुकड्यांनी वाटतात. एखादीला निम्मी फी, एखादीला फक्त पुस्तकांचा खर्च, काहींना काहीच नाही. आयव्ही लीगमधली (हार्वर्ड, येल वगैरे) विद्यापीठे आणि डिव्हिजन थ्री या खालच्या गटातली सगळी विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे घरच्या उत्पन्नावर किंवा गुणांवर जी मदत मिळेल ती.

त्यातून नियम बदलायच्या बेतात आहेत. एनसीएएवरच्या एका मोठ्या दाव्यातल्या तडजोडीला ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने प्राथमिक मंजुरी दिली आहे. ती कायम झाली तर शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाईल आणि त्याऐवजी संघाच्या आकारावर मर्यादा येईल. महिला फुटबॉलसाठी ती २८ असेल. श्रीमंत विद्यापीठे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतील. बाकीच्यांना ते परवडणार नाही, आणि जिथे आज तीस-पस्तीस मुली आहेत तिथे शेवटच्या काही जणींची जागाच जाईल. दिवाणजींनी सांगितलेले तराजूचे गणित त्यामुळे पुन्हा मांडावे लागेल.

दिवाणजी | १६ डिसेंबर २०२४

आणि श्रीमंत विद्यापीठे म्हणजे बहुधा तीच, ज्यांच्याकडे अमेरिकन फुटबॉलचा पैसा आहे. पोर्टलंड, सांता क्लारा यांच्यासारख्या छोट्या विद्यापीठांनी पुन्हा विजेतेपद मिळवणे अवघड होत जाईल असे मला वाटते. मक्तेदारी एका विद्यापीठाकडून मोजक्या श्रीमंत साखळ्यांकडे सरकेल, इतकेच.

रॅलेची_आई | १६ डिसेंबर २०२४

सविस्तर उत्तराबद्दल आभार. म्हणजे डिव्हिजन थ्रीचाही विचार करावा असे दिसते. लेकीला अजून एकाही विद्यापीठाकडून विचारणा आलेली नाही, त्याची काळजी करू का? तिच्या क्लबमधल्या दोन मैत्रिणींची 'बोलणी चालू आहेत' असे त्यांच्या आया सांगतात.

कॅरीकर | १६ डिसेंबर २०२४

मुळीच नको. २०१९ पासून नियम असा आहे की दहावीचे वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपूर्वी डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांनी मुलीशी भरतीबद्दल संपर्क साधायचा नाही. त्याआधी आठवीतल्या मुलींचे तोंडी होकार घेतले जात, ते थांबवण्यासाठीच हा नियम आला. तेव्हा मैत्रिणींची 'बोलणी' बहुधा क्लबच्या प्रशिक्षकामार्फत चाललेली असतील. मुलीने स्वतः मात्र आजही प्रशिक्षकांना मेल पाठवायला हरकत नाही. मेल तिनेच लिहावा, आईवडिलांनी नव्हे. चार-पाच मिनिटांची चित्रफीत जोडावी आणि तिच्यात गोलांपेक्षा चेंडू गमावल्यानंतर ती काय करते हे दिसेल असे प्रसंग घालावेत. वेळापत्रक आणि गणवेशाचा क्रमांक लिहायला विसरू नये, कारण मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेला प्रशिक्षक एका सकाळी चार-पाच सामने बघत असतो.

रॅलेची_आई | १६ डिसेंबर २०२४

तिचा क्रमांक १४ आहे. आज रात्रीच तिला बसवते मेल लिहायला.